पदवीचा फॉर्म सगळ्यात शेवटी : आशा, अंगणवाडी सेविका आणि संस्थेतल्या ताईंना उच्च शिक्षणापर्यंत कसं न्यायचं

जूनच्या शेवटी आमच्या कोकणातल्या ऑफिसात एक प्रसंग ठरलेला. एखादी ताई भिजत येते, मोबाइल पुढे करते आणि म्हणते, "उद्या मुदत संपते, तेवढा फॉर्म भरून द्या." आपण भरून देतो. वर्षभराने विचारलं तर कळतं, परीक्षा दिलीच नाही. आणि कारण बहुतेक वेळा अभ्यास नसतंच. आधारवरचं नाव जुळलं नाही, ओटीपी भलत्याच मोबाइलवर गेला, पेपर नेमका लावणीत आला, नाहीतर घेतलेला कोर्स तिला हव्या असलेल्या पदाला चालतच नव्हता.

म्हणून हे लिहितोय ते मदत करणाऱ्यांसाठी : संस्थेचे समन्वयक, माविमच्या (महिला आर्थिक विकास महामंडळाच्या) सहयोगिनी, उमेद या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाचे कार्यकर्ते, आशांचं काम बघणाऱ्या गटप्रवर्तक, शिकलेल्या नणंदा-जावा. क्रम असा : आधी कागद, मग हेतू, मग पायरी, मग कॅलेंडर आणि मग फॉर्म. आपण नेमका उलटा चालतो.

टप्पा १ : कागद (याला दोन-तीन महिने द्या)

एक जाड प्लास्टिकची फाइल घ्या. तीत शाळा सोडल्याचा दाखला, दहावी-बारावीची गुणपत्रिका आणि प्रमाणपत्र, आधार, विवाह नोंदणी प्रमाणपत्र, लागू असेल तर जातीचा दाखला, आणि नावबदलाचं राजपत्र. या सहापैकी काय आहे, काय नाही, ते फाइलच्या झाकणावर लिहा. कोर्सचं नाव अजून काढायचं नाही.

नाव. सगळ्यात जास्त फॉर्म इथे अडकतात. गुणपत्रिकेवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. आपल्याकडे लग्नात आडनावाबरोबर पहिलं नावही बदलायची रीत अजून आहे, त्यामुळे गुणपत्रिकेवरची 'सुनंदा' आधारवर 'वैष्णवी' झालेली असते. बाप आणि नवरा यांची नावं वेगळी, आडनाव वेगळं, पहिलं नावही वेगळं. कॉम्प्युटरच्या दृष्टीने या दोन निराळ्या बायका. नुसतं आडनाव बदललं असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्रावर बऱ्याचदा भागतं. पहिलं नाव बदललं असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घ्याच. अर्ज ऑनलाइन होतो, पण छापून यायला वेळ लागतो. मुदतीच्या आदल्या आठवड्यात आठवून उपयोग नाही.

लग्नाची नोंदच केलेली नाही, असंही पुष्कळदा निघतं. गावात ती ग्रामपंचायतीत, ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) होते. जुनी लग्नपत्रिका, दोघांचे वयाचे पुरावे आणि साक्षीदार लागतात. लग्नपत्रिका सासूबाईंच्या ट्रंकेत असते. ती शोधायला सांगा, हमखास मिळते.

जन्मतारीख. शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून लिहिलेली, आधार काढताना ऑपरेटरने १ जानेवारी टाकलेली. शिक्षणासाठी शाळेची तारीख खरी धरायची आणि आधार तिच्याशी जुळवून घ्यायचं. आधारवर जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलून मिळते, म्हणून केंद्रावर दाखला हातात धरून, पडद्यावरचा आकडा स्वतः वाचूनच पुढे जाऊ द्या.

मोबाइल. आधारला जोडलेला नंबर कोणाचा, हे विचारा. नवऱ्याचा, मुंबईतल्या दिराचा किंवा केव्हाच बंद पडलेला, यांपैकी एक उत्तर येतं. आधार केंद्रावर जाऊन तिचा स्वतःचा नंबर जोडा. पुढचं सगळं या एका नंबरवर उभं आहे.

गहाळ कागद. चिपळूणला जुलै २०२१ मध्ये पूर आला, त्याआधी जून २०२० मध्ये निसर्ग वादळाने श्रीवर्धन-दापोलीकडची छपरं उडवली. अनेक घरांतले कागद तेव्हाच गेले. दुय्यम गुणपत्रिकेसाठी विभागीय मंडळाकडे अर्ज करावा लागतो. आज रत्नागिरी-सिंधुदुर्गसाठी रत्नागिरीचं कोकण विभागीय मंडळ आहे, रायगड मुंबई विभागात येतो. कोकण मंडळ वेगळं झालं त्याला फार वर्षं झालेली नाहीत. ताई त्याआधी पास झाली असेल तर तेव्हा कुठलं विभागीय मंडळ होतं ते शाळेत विचारा आणि मगच अर्ज करा. शाळा बंद पडली असेल तर पंचायत समितीच्या शिक्षण विभागात शाळेचं जनरल रजिस्टर, म्हणजे प्रवेशाची नोंदवही, कुठे गेलं याची चौकशी करा.

तपासा : सगळे कागद स्कॅन करून डिजिलॉकरमध्ये किंवा तिच्या स्वतःच्या ईमेलवर ठेवलेत का? नुसते मोबाइलच्या गॅलरीत ठेवलेले चालणार नाहीत.

सावधान : संस्थेने मूळ प्रमाणपत्रं 'सांभाळायला' म्हणून कपाटात ठेवून घेऊ नयेत. हेतू चांगला असतो, हे मान्य. तरी नको. ताईने काम सोडलं की ती फाइल भांडणाचं कारण होते.

टप्पा २ : कशासाठी शिकायचंय?

"डिग्री असलेली बरी" हे उत्तर घेऊन पुढे जाऊ नका. अंगणवाडी सेविकेला मुख्य सेविका व्हायचं असेल तर पदवी लागते. ती मुक्त विद्यापीठाची असली तरी त्या विद्यापीठाला आणि त्या शिक्षणक्रमाला यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता हवी. संस्थेत प्रकल्प समन्वयक व्हायचं असेल तर समाजकार्यातली पदवी, बीएसडब्ल्यू किंवा एमएसडब्ल्यू, उपयोगी पडते. पण एमएसडब्ल्यूला कुठल्याही शाखेच्या पदवीनंतर जाता येतं, त्यामुळे बीए मराठी किंवा समाजशास्त्र घेऊनही तो रस्ता बंद होत नाही.

आशाताईंपैकी अनेकींना नर्स व्हायचं असतं. इथे सरळ बोला. नर्सिंग दूरस्थ पद्धतीने होत नाही. यूजीसीने नर्सिंग, औषधनिर्माण, कायदा, शेती, अभियांत्रिकी असे विषय दूरशिक्षणातून वगळलेले आहेत. एएनएम या नर्सिंगच्या कोर्सला बारावी आणि पूर्णवेळ हजेरी लागते, वयाची वरची अट ३५ वर्षांची. ताई ३८ वर्षांची असेल तर ते आजच सांगा. "घरबसल्या नर्सिंग"च्या पाट्या तालुक्याच्या बाजारपेठेत लागतात आणि त्यांना पैसे भरणाऱ्या आपल्याच ओळखीच्या असतात.

टप्पा ३ : ती नेमक्या कुठल्या पायरीवर आहे?

दहावी झालेली नाही : राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म, म्हणजे खाजगी विद्यार्थी म्हणून परीक्षा. आठवीतून शाळा सुटलेली असली तरी चालतं. दुसरा मार्ग राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा, म्हणजे एनआयओएसचा. तिथे नोंदणी पाच वर्षं चालते आणि विषय सुटे-सुटे सोडवता येतात. मराठी माध्यमात शिकलेल्या ताईला मी आधी १७ नंबरच सुचवतो, कारण पुस्तकं घरातल्या पोराचीच चालतात आणि शिकवायला गावातले गुरुजी असतात. एनआयओएस घ्यायचं ठरलं तर हवा तो विषय मराठीत आहे का, हे प्रवेशाआधी विचारा.

दहावी किंवा बारावी नापास : १७ नंबर नव्हे! ती पुनर्परीक्षार्थी आहे. तिचा फॉर्म तिच्या जुन्या शाळेतून किंवा ज्युनिअर कॉलेजमधून जातो आणि राहिलेलेच विषय द्यावे लागतात. एका ताईसाठी आम्ही नवा फॉर्म भरत बसलो होतो. पास झालेले चार विषय तिला पुन्हा द्यायला लावणार होतो. शाळेतल्या लेखनिकाने सांगितलं म्हणून वाचलो.

दहावी झाली, बारावी नाही : दहावीनंतर दोन वर्षं उलटली असतील तर १७ नंबरने बारावी देता येते. इथे एक आडवाटही दिसते. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचा 'पूर्वतयारी' शिक्षणक्रम बारावी न झालेल्यांना पदवीकडे नेण्यासाठी आहे. पण पूर्वतयारी म्हणजे बारावी नव्हे. उद्या एखाद्या जाहिरातीत बारावीची गुणपत्रिका मागितली तर ती दाखवता येणार नाही. ज्या ताईला पुढे सरकारी पदासाठी अर्ज करायचाय तिने वर्ष घालवावं, पण बारावी करावी, असं माझं मत. पन्नाशीतल्या, फक्त स्वतःसाठी शिकणाऱ्या ताईचा हिशोब वेगळा. तिने या वाटेची सध्याची स्थिती अभ्यासकेंद्रात विचारून घ्यावी.

सावधान : आशांच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र एनआयओएसचं असतं, त्यावरचं नाव बघून घोटाळा होतो. ते कौशल्याचं प्रमाणपत्र आहे, दहावी-बारावीचं नाही. दहा वर्षांचा कामाचा अनुभवही पात्रतेच्या रकान्यात मोजत नाहीत. तो कुठे उपयोगी पडतो ते पुढे येतंय.

टप्पा ४ : विद्यापीठ

कोकणात राहून, काम न सोडता शिकायचं तर तीन दारं. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ (स्थापना १९८९), दिल्लीचं इग्नू, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ (१९८५) आणि मुंबई विद्यापीठाचं दूरशिक्षण केंद्र, ज्याला जुने लोक अजून आयडॉल म्हणतात. मुंबई विद्यापीठाच्या हद्दीत सिंधुदुर्गापर्यंतचे सगळे किनारी जिल्हे येतात. मराठीतून बीए करायचं आणि कुठल्यातरी कॉलेजातलं अभ्यासकेंद्र जवळ हवं, तर नाशिक सोपं पडतं. समाजकार्यच हवं आणि इंग्रजी-हिंदी वाचायची तयारी असेल तर इग्नू.

कोर्स जुना असला तरी त्या वर्षी यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत आहे का, ते दरवर्षी बघावं लागतं. एजंटने दाखवलेल्या छापील यादीवर जाऊ नका, संकेतस्थळावरची बघा.

अभ्यासकेंद्र निवडताना नकाशावरचं अंतर धरू नका. धोपावेची ताई दाभोळच्या समोर राहते, हाक मारली तर ऐकू जाईल इतकी. पण मध्ये वाशिष्ठीची खाडी आहे, आणि फेरीबोट चुकली की चिपळूणवरून वळसा. तवसाळ-जयगडचंही तेच. प्रश्न एकच विचारा : रविवारी संपर्क सत्र, म्हणजे केंद्रातला वर्ग, संपल्यावर घरी पोचवणारी शेवटची एसटी कितीची आहे, आणि रविवारी ती धावते का?

टप्पा ५ : कॅलेंडर भिंतीवरचं काढा

हा टप्पा कोणी करत नाही. घरातलं कालनिर्णय खाली उतरवा आणि ताईला पेन द्या. भाताची पेरणी-लावणी जून-जुलै. गणपतीला चाकरमानी येतात, ते आठ-दहा दिवस स्वयंपाकघरात जातात. कापणी-झोडणी ऑक्टोबरात. शिमगा मार्चमध्ये. आंबा-काजू मार्चपासून मेअखेर. कॅनिंगला, म्हणजे आंब्याचा रस डब्यात भरायच्या कामाला, जाणारी ताई असेल तर तिचा मे महिना तिचा नसतोच. मच्छीमार घरात उलटं : १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्यामुळे घरी माणसं असतात, पण हातात पैसा नसतो, आणि फीची मुदत नेमकी तेव्हाच. अशा घरात फीचे पैसे मे महिन्यातच बाजूला काढायला सांगा.

आता त्यावर परीक्षा बसवा. इग्नूच्या सत्रांत परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये असतात, प्रवेश जानेवारी आणि जुलैत. शेती असलेल्या घरातल्या ताईला मी जानेवारीचं सत्र सुचवतो : कापणी संपलेली, आंबा सुरू व्हायचा, डोकं थोडं मोकळं. जड विषय डिसेंबरला, हलके जूनला. १७ नंबरवाल्यांची लेखी परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असते. शिमग्याची पालखी घरी येणार तो दिवस आणि पेपर एकत्र आले तर काय, हे घरात आधीच ठरवायला लावा. हसू नका, यावरून पेपर बुडालेला मी पाहिलाय.

कामाचं कॅलेंडरही त्याच पानावर उतरवा. पल्स पोलिओ, सर्वेक्षणं, पोषण महिना, गटांचं ऑडिट.

टप्पा ६ : आता फॉर्म

क्रम मोडू नका.

१. तिचा स्वतःचा ईमेल उघडा. पासवर्ड वहीत, तिच्या अक्षरात.
२. आधारवरून डिजिलॉकर (कागद ठेवायचं सरकारी ॲप), आणि त्यातून एबीसी आयडी, म्हणजे तिच्या श्रेयांकांच्या खात्याचा नंबर.
३. त्यावरून यूजीसीच्या पोर्टलवर डीईबी आयडी, म्हणजे दूरशिक्षण विभागाचा नंबर. दूरस्थ प्रवेशाला २०२४ पासून हा लागतोच.
४. मग विद्यापीठाचा फॉर्म.
५. फी भरल्याची पावती आणि भरलेला फॉर्म, दोन्हींच्या प्रिंट फाइलमध्ये.

पहिल्या क्रमांकाबद्दल आमचीच चूक सांगतो. एका पावसाळ्यात आम्ही सात जणींचे फॉर्म एका संध्याकाळी सायबर कॅफेत भरून घेतले. लाइट जाणार म्हणून घाई. चालवणाऱ्याने सातही फॉर्मवर स्वतःचा ईमेल आणि मोबाइल टाकला, त्याचीही सोयच होती ती. पुढच्या वर्षी तो दुकान बंद करून पुण्याला गेला. हॉलतिकिटाचे मेसेज कुठे गेले असतील ते तुम्हीच समजा. सातांपैकी दोघी परीक्षेला बसल्या.

विषय निवडताना शेजारणीने घेतले तेच घ्यायचे, असं होतं. पुस्तकं वाटून घेता येतात म्हणून ते अगदीच वाईट नाही, पण अर्थशास्त्राला बिचकणारी ताई मैत्रिणीसाठी अर्थशास्त्र घेते आणि तिथेच अडकते. प्रत्येक विषयाच्या पुस्तकाची चार पानं मोठ्याने वाचायला लावा. कुठे अडखळते ते लगेच कळतं.

तपासा : फॉर्मवरचं नाव गुणपत्रिकेप्रमाणे आहे का? बोर्ड किंवा विद्यापीठ बदलत असेल तर स्थलांतर प्रमाणपत्र मागितलंय का?

सावधान : मुलींना फी माफ, हे ऐकून ताया येतात. ती सवलत व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या केंद्रीय प्रवेशासाठी, उत्पन्नाच्या अटीसह आहे. मुक्त विद्यापीठाच्या बीएला ती आपोआप लागू होत नाही. पूर्ण फी धरूनच हिशोब करा. काही सुटलंच तर आनंद.

टप्पा ७ : घर आणि कामाची जागा

घरी एकदा जाऊन या. सासूबाईंसमोर चहा घेताना बोला, ताईच्या पाठीमागे नव्हे. "शिकू द्या" असं मोघम बोलण्यापेक्षा नेमकं मागा : रात्री जेवणानंतर एक तास, आणि परीक्षेचे अमुक दिवस. एका सासूबाईंनी मला विचारलं होतं, "ता सगळा बरा, पण गुरांका कोण बघतला?" प्रश्न रास्त होता. उत्तरही तिथेच निघालं, धाकट्या दिराने सकाळची धार घेतली.

आशाताई सरकारच्या लेखी स्वयंसेविका, त्यामुळे परीक्षेसाठी हक्काची रजा नाही. वेळापत्रक लागलं की गटप्रवर्तकाला आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांना लेखी द्या, आणि त्या दिवशी शेजारच्या पाड्याची आशा बघेल असं दोघींनी ठरवून ठेवा. अंगणवाडी सेविकेने प्रकल्प कार्यालयात अर्ज देऊन पोच घ्यावी. संस्थांना माझं सांगणं एवढंच, आठवड्यातले दोन तास कामात धरा. 'शिकून दुसरीकडे जाईल' म्हणून बाँड लिहून घेणाऱ्या संस्थेतून ती शिकण्याआधीच जाते.

टप्पा ८ : हात पुन्हा लिहिता करणं

आपल्या ताया दिवसभर लिहीत असतात, म्हणून लिहिणं जमेल असं आपण धरून चालतो. रजिस्टर भरणं आणि उत्तर लिहिणं यांत फार फरक आहे. रजिस्टरमध्ये रकाना आधीच असतो. तीन तासांच्या पेपरात कोरं पान असतं, आणि पंधरा वर्षांनी पेन धरलेला हात तासाभरात दुखायला लागतो.

पहिले दोन महिने फक्त हे करा : रोज वीस मिनिटं, एक प्रश्न, न थांबता. विषय कामातलाच द्या. समजा प्रश्न आहे, 'ग्रामीण विकासात बचत गटांची भूमिका स्पष्ट करा.' ताई लिहिते, "आमच्या गावात गट आहे. दर महिन्याला मीटिंग होते. आम्ही कर्ज देतो." माहिती खरी, पण उत्तर झालं नाही. तिला चार गोष्टी विचारा. गट म्हणजे काय, दोन ओळींत? त्याने कोणते तीन बदल होतात? प्रत्येकाचं तुझ्या गटातलं एक उदाहरण? आणि गट कुठे कमी पडतो? या चार उत्तरांचे चार परिच्छेद होतात. शेवटच्या प्रश्नावर त्या सगळ्यात जास्त लिहितात, असा माझा अनुभव. तिथेच त्यांच्या अनुभवाचं सोनं होतं. कॉलेजच्या पोरांना तो भाग पुस्तकातून पाठ करावा लागतो.

पुढे एमएसडब्ल्यूच्या मुलाखतीतही हेच चालतं, म्हणून अनुभव प्रमाणपत्र नीट लिहून द्या. "सदर महिला संस्थेत कार्यरत असून वर्तणूक चांगली आहे" याने काही कळत नाही. कधीपासून, किती वाड्या, कोणती रजिस्टरं, कोणती प्रशिक्षणं, एखादा अवघड प्रसंग कसा हाताळला, हे आलं पाहिजे.

इंग्रजीची भीती वेगळी काढा. बारावीत इंग्रजी सोडवावंच लागतं. त्यासाठी शनिवारी चार जणी एकत्र बसून मागच्या वर्षांचे पेपर सोडवा. पावसाळ्यात नेट नसतं, म्हणून व्हिडिओ मे महिन्यातच उतरवून ठेवा.

टप्पा ९ : परीक्षा आणि त्यानंतर

प्रवेश झाला म्हणजे परीक्षेलाही नाव लागलं, असं नाही. इग्नूत परीक्षेचा फॉर्म वेगळा, स्वाध्याय (घरी लिहून द्यायची उत्तरं) वेगळे आणि पुढच्या वर्षाची फेरनोंदणी वेगळी. स्वाध्यायांना ३० टक्के गुण असतात. ते दिले नाहीत तर पेपर चांगला जाऊनही विषय पूर्ण होत नाही. जमा केल्याची पोच घ्या.

केंद्र लांब असेल तर आदल्या दिवशीच निघा. वस्तीची गाडी पहाटे सुटते खरी, पण पावसात घाटात दरड आली की ती कुठे थांबेल ते डेपोलाही सांगता येत नाही. नात्यातलं घर आधीच विचारून ठेवा. हॉलतिकिटाच्या दोन प्रिंट, मूळ आधार, आणि नावात फरक असेल तर राजपत्राची प्रत पर्समध्ये.

एखादा विषय राहिला तर त्याच आठवड्यात तिला भेटा. राहिलेला एक विषय म्हणजे नापास, असं तिला शाळेपासून शिकवलेलं असतं. मुक्त विद्यापीठात पास झालेले विषय जमा राहतात, पुन्हा फक्त तोच द्यायचा. हे कोणी सांगितलं नाही तर ती फाइल ट्रंकेत जाते.

निकालाची गुणपत्रिका हातात आली की तिथेच, खिडकीसमोर उभं राहून, नावातलं प्रत्येक अक्षर वाचा. आईच्या नावाचंही. चूक असेल तर दुरुस्तीचा अर्ज त्याच दिवशी द्या, कारण त्या गुणपत्रिकेवरूनच पुढे पदवी प्रमाणपत्र छापलं जातं.